राजाचा शब्द, सराफांचा पैसा

१६७२ सालचा जानेवारी नुकता उजाडला होता. लंडनच्या लॉम्बर्ड स्ट्रीटवर सोनारांच्या पेढ्या होत्या आणि त्या पेढ्यांत व्यापाऱ्यांनी, विधवांनी, पोरक्या मुलांच्या पालकांनी आपली पुंजी ठेवलेली होती. २ जानेवारीला राजा दुसरा चार्ल्स याचा हुकूम निघाला: सरकारी खजिन्यातून सराफांची देणी वर्षभर चुकती होणार नाहीत. राजाला डचांशी युद्ध करायचे होते, आरमारासाठी रोकड हवी होती आणि तिजोरीत येणारा बराचसा पैसा आधीच सराफांच्या नावे लिहून दिलेला होता.

या पेढ्यांचा व्यवहार समजायला सोपा आहे. ठेवीदाराला शेकडा ६ व्याज द्यायचे आणि तोच पैसा राजाला शेकडा ८ ते १० दराने वापरायला द्यायचा. त्या बदल्यात राजा पुढच्या करवसुलीतून इतकी रक्कम या माणसाला द्यावी, असा लेखी आदेश देई. मराठी दफ्तरांत अशा कागदाला ‘वरात’ म्हणतात. वसूल आला की वरात वटायची. आता सगळ्या वराती एका फटक्यात अडकल्या. अडकलेली रक्कम सुमारे १३ लाख पौंड होती आणि त्यातले चार लाखांहून जास्त एकट्या रॉबर्ट व्हायनर या सराफाचे होते. वर्षभराची म्हटलेली मुदत पुढे वाढत गेली. राजाने सराफांना दिले नाही, म्हणून सराफ ठेवीदारांना देऊ शकले नाहीत.

सराफाने दुसऱ्या सराफाला फसवले असते तर त्याला कोर्टात खेचता आले असते. पण इथे ऋणको खुद्द राजा होता, आणि कोर्टही राजाचेच. न्यायाधीश त्याच्या नावाने निकाल देत, शिपाई त्याच्या नावाने जप्ती करत. अशा माणसाने शब्द मोडला तर दाद मागायची कुणाकडे?

त्या जानेवारीत या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकतील अशी दोन माणसे इंग्लंडमध्ये हयात होती आणि दोघांचाही या प्रकरणाशी घरोब्याचा संबंध होता. पहिला थॉमस हॉब्ज, तेव्हा ८३ वर्षांचा. पॅरिसमधल्या परागंदा दिवसांत त्याने याच चार्ल्सला गणित शिकवले होते आणि गादीवर आल्यावर राजाने आपल्या जुन्या मास्तरांना वर्षाला १०० पौंडांची नेमणूक बांधून दिली होती. दुसरा जॉन लॉक, वय ३९. तो लॉर्ड ॲशलीच्या आश्रयाला होता, आणि ॲशली त्या वेळी राजाचा अर्थमंत्री होता. राजाची सत्ता किती आणि त्याचे वचन कितपत बांधील, या वादात ही दोन नावे एकमेकांसमोर उभी केली जातात. मात्र वाद त्यांच्याही आधी दीडशे वर्षे पेटलेला होता.

त्याची ठिणगी इटलीतल्या एका गावात पडली. सेनिगालिया हे एड्रियाटिक समुद्रकाठचे गाव. ३१ डिसेंबर १५०२ रोजी पोपचा मुलगा चेझारे बोर्जिया याने आपल्यावर उलटलेल्या सरदारांना तिथे समेटासाठी बोलावले. तह झाला होता, शब्द दिला-घेतला गेला होता. सरदार आले, चेझारेने हसतमुखाने त्यांचे स्वागत केले, आणि आत नेऊन पकडले. त्यांपैकी दोघांचा त्याच रात्री गळा आवळण्यात आला. उरलेल्या दोघा ओर्सिनींची पाळी पुढच्या महिन्यात आली. फ्लॉरेन्सचा वकील म्हणून चेझारेच्या गोटात असलेला एक तिशीतला कारकून हे सगळे जवळून पाहत होता. त्याचे नाव निकोलो मॅकियाव्हेली.

दहा-अकरा वर्षांनी स्वतःची नोकरी गेल्यावर, तुरुंग आणि छळ भोगून शेतावर जाऊन राहिल्यावर, त्याने ‘द प्रिन्स’ लिहिले. त्याच्या अठराव्या प्रकरणात त्याने जे मांडले त्यामुळे त्याचे नाव युरोपभर शिवीसारखे वापरले गेले. वचन पाळणे ही चांगली गोष्ट, हे तो मान्य करतो. पण वचन पाळल्याने नुकसान होणार असेल, आणि ज्या कारणाने ते दिले ते कारणच उरले नसेल, तर शहाण्या राजाने ते पाळू नये. माणसे आपला शब्द तुमच्याशी पाळत नाहीत, मग तुम्हीच का पाळावा? राजाला सिंह व्हावे लागते आणि कोल्हाही, कारण सिंहाला सापळे दिसत नाहीत आणि कोल्ह्याला लांडग्यांशी लढता येत नाही. शब्द मोडावा, पण शब्दाचे पक्के दिसावे.

मॅकियाव्हेलीला केवळ कपटाचा वकील ठरवणे अन्यायाचे आहे. त्याने चेझारेचा शेवटही पाहिला होता. १५०३ मध्ये नवा पोप निवडला जात असताना दुसऱ्या ज्युलियसने मतांच्या बदल्यात चेझारेला सेनापतिपद कायम ठेवण्याचे वचन दिले. चेझारेने त्यावर विश्वास ठेवला. पोप झाल्यावर ज्युलियसने त्याला अटकेत टाकले. मॅकियाव्हेली तेव्हाही रोममध्ये हजर होता. दुसऱ्यांचे शब्द मोडून वाढलेला माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून बुडाला, आणि ही त्याची घोडचूक झाली असे मॅकियाव्हेलीने लिहून ठेवले. लिव्हीच्या रोमन इतिहासावरच्या त्याच्या दुसऱ्या, फार कमी वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात तर तो असे म्हणतो की करार पाळण्याच्या बाबतीत राजापेक्षा लोकराज्यावर जास्त भरवसा ठेवावा. लोकराज्याला निर्णय घ्यायला वेळ लागतो, म्हणून शब्द मोडायलाही वेळ लागतो. पुढच्या दोन शतकांची सगळी चर्चा या निरीक्षणात बीजरूपाने आहे, आणि त्याच्या टीकाकारांनी नेमके त्याकडेच दुर्लक्ष केले.

मॅकियाव्हेलीच्या राजाला प्रश्न पडतो तो फायद्या-तोट्याचा. कायद्याचा प्रश्न विचारला तो फ्रान्सच्या झाँ बोदाँने. २४ ऑगस्ट १५७२ च्या पहाटे पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली, तीही राजाच्या बहिणीच्या लग्नाला जमलेल्या पाहुण्यांपासून. ती कत्तल आणि धर्मयुद्धांनी पोखरलेला देश डोळ्यांसमोर ठेवून या वकिलाने १५७६ मध्ये राज्यसंस्थेवर सहा खंडांचा ग्रंथ काढला. ‘सार्वभौमत्व’ या कल्पनेला आज आपण देतो तो अर्थ बऱ्याच अंशी त्याचा. राज्यात एक शेवटची, अखंड, कुणाच्या परवानगीवर न चालणारी सत्ता असली पाहिजे, नाहीतर यादवी ठरलेली. कायदा म्हणजे त्या सत्तेची आज्ञा. आणि आज्ञा देणारा स्वतःच्याच आज्ञेने बांधला जात नाही. आज काढलेला कायदा तो उद्या रद्द करू शकतो.

इतके वाचून बोदाँ हुकूमशाहीचा पुरस्कर्ता वाटतो. पण लगेच पुढे तो एक रेघ ओढतो आणि त्या रेघेत त्याची खरी बुद्धिमत्ता आहे. कायदा वेगळा आणि करार वेगळा. कायदा एकट्या राजाच्या इच्छेवर उभा असतो, करार दोघांच्या. म्हणून राजाने करार केला, मग तो परक्या राजाशी असो की स्वतःच्या प्रजाजनाशी, तर तो त्याला बांधतो. उलट सामान्य माणसापेक्षा जास्त बांधतो, कारण सगळ्या राज्यातल्या करारांची हमी शेवटी राजाच घेत असतो. प्रजेच्या मालमत्तेवर तिच्या संमतीवाचून कर बसवता येत नाही, असेही तो म्हणतो. वारसाला पूर्वजाचा करार कधी बांधतो आणि कधी नाही, याचाही त्याने बारकाईने विचार केला आहे.

हे त्याने कागदावरच ठेवले नाही. ग्रंथ निघाला त्याच वर्षी ब्लवा गावी फ्रान्सच्या तीन वर्गांची सभा भरली आणि बोदाँ तिथे तिसऱ्या, म्हणजे सामान्यजनांच्या वर्गाचा प्रतिनिधी होता. राजा तिसरा हेन्री याला युद्धासाठी राजघराण्याच्या जमिनी विकायच्या होत्या. बोदाँने भर सभेत विरोध केला: ही जमीन राजाची खाजगी मिळकत नाही, ती राज्याची आहे, राजा तिचा उपभोग घेणारा आहे. राजाची मर्जी गेली ती गेलीच. राजसत्ता सर्वोच्च मानणाऱ्या माणसाने त्याच सत्तेला तोंडावर नकार दिला, ही गोष्ट त्याच्या ग्रंथाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण बोदाँची रेघ प्रत्यक्षात किती धूसर होऊ शकते, ते त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी दिसायला सुरुवात झाली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा फर्मान काढून प्रॉटेस्टंटांना उपासनेचे आणि नागरी हक्कांचे अभय दिले. फर्मान कायमचा आणि मागे न घेता येणारा असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कायदा होता की करार? रूप कायद्याचे होते. पण तीस-पस्तीस वर्षे लढून थकलेल्या पक्षाने तलवार खाली ठेवण्याच्या बदल्यात तो मिळवला होता, म्हणजे आत्मा कराराचा. प्रॉटेस्टंटांनी नुसत्या कागदावर भरवसा ठेवला नव्हता. त्यांनी तटबंदीची शहरे आपल्या ताब्यात ठेवण्याची परवानगीही घेतली होती आणि तिथल्या फौजेच्या पगाराला राजाचा पैसा मिळत होता. १६२९ च्या तहात ती शहरे गेली. मग हातात उरला फक्त कागद. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो रद्द केला. कारण दिले की बहुतेक प्रॉटेस्टंट कॅथलिक झालेच आहेत, तेव्हा फर्मानाची गरज उरलेली नाही. ती धर्मांतरे त्यांच्या घरांत शिपाई राहायला पाठवून करवली होती. पुढच्या काही वर्षांत दीड-दोन लाख माणसे देश सोडून गेली.

कागदाखेरीज राजाला बांधायचे कसे, यावर फ्रान्सच्या उत्तरेला एक जुना तोडगा होता. ब्राबांट या आजच्या बेल्जियम-हॉलंडमधल्या प्रांतात नवा ड्यूक गादीवर येण्यापूर्वी एक सनद वाचून शपथ घ्यायचा. १३५६ पासूनची ही प्रथा होती. प्रजेच्या संमतीशिवाय युद्ध नाही, हे वचन तर त्या सनदेत होतेच. पण वचन मोडले तर ते दुरुस्त होईपर्यंत प्रजा आज्ञापालनाला बांधील नाही, हेही होते. १५४९ मध्ये स्पेनचा युवराज फिलिप तिथे आला आणि त्याने ही शपथ घेतली. गादीवर आल्यावर त्याचे अधिकारी त्या सनदेच्या नेमके उलट वागले. कर लादले, शेकडोंना फाशी दिली. त्यात त्याची तिजोरी पुन्हा पुन्हा दिवाळखोर झाली आणि १५७६ मध्ये पगार थकलेल्या त्याच्याच शिपायांनी अँटवर्प शहर लुटले. २६ जुलै १५८१ रोजी डच प्रांतांच्या प्रतिनिधींनी ठराव केला: राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नसते, फिलिपने विश्वास मोडला, म्हणून तो आमचा राजा राहिलेला नाही. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाबाहेर, सरकारी कागदावर ही भाषा इतक्या ठामपणे उतरणे त्या काळात विलक्षणच होते.

त्याच डच भूमीतला ह्यूगो ग्रोशिअस पुढे राजकीय भांडणात जन्मठेपेला गेला, १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला, आणि पॅरिसमध्ये बसून त्याने युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा आपला मोठा ग्रंथ १६२५ मध्ये प्रसिद्ध केला. दिलेला शब्द पाळणे हा माणसाच्या स्वभावातूनच आलेला नियम आहे, आणि शत्रूला दिलेला शब्दही त्यातून सुटत नाही, हे त्याचे सूत्र. मात्र एखाद्या जनसमूहाने स्वतःला संपूर्णपणे राजाच्या हवाली केले तर तोही एक शब्दच झाला आणि तोही पाळावा लागेल, असे तो त्याच दमात म्हणतो. वचनाचे पावित्र्य जपणारा विचार गुलामीलाही कसा आधार देऊ शकतो, याचे हे अस्वस्थ करणारे उदाहरण आहे.

स्कॉटलंडमध्ये हाच वाद एका मास्तर-विद्यार्थ्याच्या जोडीत रंगला. जॉर्ज ब्युकॅनन हा लॅटिनचा थोर पंडित बाल राजा जेम्स याला शिकवायला होता आणि छडीचा वापर करताना समोर राजा आहे याची तो पर्वा करत नसे. १५७९ मध्ये त्याने स्कॉटिश राजसत्तेवर पुस्तक लिहून शिष्याला अर्पण केले. राजा आणि प्रजा यांच्यात परस्परांचा करार असतो. आधी जो मोडतो त्याचा हक्क संपतो. राजाने मोडला तर तो जुलमी ठरतो आणि त्याला हटवता येते. पाच वर्षांनी स्कॉटिश संसदेने पुस्तकावर बंदी घातली. १५९८ मध्ये जेम्सने स्वतः लेखणी उचलली. राज्याभिषेकाच्या वेळी राजा वचन देतो हे त्याने नाकारले नाही. पण तो विचारतो: करार मोडला की नाही हे ठरवणार कोण? प्रजा तर त्यात पक्षकार आहे, आणि पक्षकार न्यायाधीश होऊ शकत नाही. उरतो एकटा देव. राजा देवाला जबाबदार आहे आणि देवालाच.

जेम्सचा प्रश्न खरा होता, उत्तर मात्र त्याच्या सोयीचे. वाईट हे झाले की पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या त्याच्या मुलाने ते उत्तर शब्दशः खरे मानले. पहिल्या चार्ल्सने १६२८ मध्ये संसदेची हक्कांची याचिका मान्य केली. आधी त्याने गुळमुळीत उत्तर देऊन पाहिले, ते चालले नाही तेव्हा ७ जूनला रीतसर संमती दिली. संसदेच्या मान्यतेशिवाय कर नाही, कारण न सांगता कैद नाही. पुढच्याच वर्षी त्याने संसद बरखास्त केली आणि अकरा वर्षे तिच्याशिवाय कारभार केला. संसदेशी झालेल्या यादवी युद्धात हरल्यावर कैदेत असतानाही तो एकीकडे संसदेशी बोलणी करत राहिला आणि दुसरीकडे डिसेंबर १६४७ मध्ये स्कॉट लोकांशी गुप्त करार करून मोकळा झाला. त्याच्या शब्दावर कुणाचाही विश्वास उरला नाही. जानेवारी १६४९ मध्ये त्याच्यावर खटला चालला तेव्हा न्यायासनाच्या अध्यक्षाने राजा-प्रजेतल्या कराराचीच भाषा वापरली. ३० जानेवारीला त्याचे डोके उडवले गेले.

हॉब्जचे ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये आले ते या रक्तपातानंतर. त्याने जेम्सच्या प्रश्नावर देवाला मध्ये न आणता उत्तर दिले. सगळ्यांवर वचक ठेवणारी सत्ता नसेल तर माणसे सतत एकमेकांच्या भीतीत जगतात आणि तिथे वचनाला किंमत नसते, कारण मी आधी पाळले आणि समोरच्याने नाही पाळले तर मी मेलो. म्हणून माणसे आपापसांत करार करून एका सत्ताधाऱ्याला सगळी शक्ती देतात. ‘आपापसांत’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सत्ताधारी त्या करारात पक्षकारच नाही. त्याने प्रजेला काही वचन दिलेलेच नाही, म्हणून तो ते मोडूही शकत नाही. ब्युकॅननच्या कराराचा पायाच त्याने काढून घेतला. सत्ताधारी देवाच्या दृष्टीने वाईट वागू शकतो, पण प्रजेवर ‘अन्याय’ करू शकत नाही. प्रजेकडे मात्र एक गोष्ट राहते. जीव वाचवण्याचा हक्क कुणी सोडून देऊ शकत नाही, आणि सत्ता संरक्षण देऊ शकेनाशी झाली की आज्ञापालनाचे बंधनही संपते.

मग सराफांचे काय? हॉब्जच्या ग्रंथात त्यांच्याविषयी जवळजवळ सरळ उत्तर आहे, आणि ते थक्क करणारे आहे. एकविसाव्या प्रकरणात तो म्हणतो की कर्जाच्या किंवा जमिनीच्या बाबतीत प्रजाजनाचा राजाशी वाद झाला, आणि राजा पूर्वीच्या एखाद्या कायद्याच्या आधारे मागणी करत असेल, तर प्रजाजनाला राजाने नेमलेल्या न्यायाधीशांसमोर दावा लावता येतो, जणू समोर दुसरा सामान्य माणूसच आहे. पण राजा आपल्या सत्तेच्या जोरावर मागत असेल तर दावा चालत नाही. म्हणजे राजा जोवर कायद्याची भाषा बोलतो तोवर तो कायद्यात सापडतो; तो म्हणाला की मी राजा आहे म्हणून घेतो, की दार बंद. २ जानेवारीच्या हुकुमाने तेच दार बंद केले होते. हॉब्जचा युक्तिवाद अभेद्य आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली. ज्या राजाला कुणी बांधू शकत नाही त्याला पुढच्या वेळी कर्ज कोण देणार? अमर्याद सत्ता राजाला वाटेल ते घेऊ देते, पण विश्वासाने मागून आणण्याची त्याची ताकद ती खाऊन टाकते.

लॉकने ही फट ओळखली. १६८३ मध्ये राजाच्या रोषामुळे तो हॉलंडला पळाला आणि तिथे असतानाच लुईने नांतचा फर्मान रद्द केला. इंग्लंडमध्ये १६८५ मध्येच गादीवर आलेल्या दुसऱ्या जेम्सने पहिल्याच दिवशी प्रस्थापित धर्मव्यवस्था आणि राज्यव्यवस्था जपण्याचे वचन दिले होते. पुढे त्याने आपल्या खास अधिकारात कायदे बाजूला ठेवायला सुरुवात केली. नोव्हेंबर १६८८ मध्ये जेम्सचा डच जावई विल्यम फौज घेऊन उतरला, जेम्स फ्रान्सला पळाला. जानेवारी १६८९ मध्ये जमलेल्या सभेने त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत मूळ करार मोडल्याचा आरोप होता. फेब्रुवारीत लॉक विल्यमची पत्नी राजकन्या मेरी हिच्या जहाजातून परतला आणि त्या वर्षाअखेर त्याचे राज्यशासनावरचे दोन प्रबंध निनावी छापले गेले. त्यांचा बराच भाग आधीच्या दशकाच्या धामधुमीत लिहिलेला होता.

राजा-प्रजेच्या संबंधासाठी लॉक करारापेक्षा ‘विश्वस्त’ हा शब्द पसंत करतो. करारात दोघांना आपापला लाभ असतो. विश्वस्ताला स्वतःचा लाभ नसतो. तो दुसऱ्याचे सांभाळतो. मोकळीक मात्र त्याला बरीच असते. शेजारचे घर पेटले असताना आग पसरू नये म्हणून निरपराध माणसाचे घर पाडावे लागले तर सत्ताधाऱ्याने कायदा बाजूला ठेवून पाडावे, असे लॉक स्वतः म्हणतो. पण हे सगळे लोकांच्या हितासाठी, आणि विश्वस्ताने विश्वास मोडला की नाही हे ठरवणार तो ज्याने त्याला नेमला, म्हणजे लोक. स्कॉटलंडच्या जेम्सच्या जुन्या प्रश्नाला हे सडेतोड उत्तर होते. दिलेले वचन खुद्द देवालाही बांधते असे तो लिहितो, मग राजाची काय कथा. आणि हॉब्जच्या तर्काला त्याने प्राण्यांचीच उपमा देऊन टोला लगावला: कोल्ह्यांपासून वाचण्यासाठी माणसे स्वतःला सिंहाच्या तोंडी देतील इतकी खुळी आहेत काय?

या लॉकची दृष्टीही सगळीकडे पोचली नाही. आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. त्या जहाजांतल्या माणसांना त्याच्या ‘लोकां’मध्ये जागा नव्हती, हे सांगितल्याशिवाय त्याची थोरवी सांगणे प्रामाणिक होणार नाही.

नव्या व्यवस्थेची परीक्षा पैशातच झाली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली आणि तिने सरकारला शेकडा ८ दराने १२ लाख पौंड कर्ज दिले, म्हणजे १६७२ मध्ये अडकलेल्या रकमेच्या जवळपास. फरक इतकाच की व्याजासाठीचे कर आता संसदेने मंजूर करून बांधून दिले होते. लॉकनेही त्या बँकेत ५०० पौंड घातले. पुढे १७१५ च्या आसपास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यही सावकाराला राज्याचे भूषण मानतात आणि संकटात कर्ज त्याच्याकडूनच मिळते म्हणून त्याला जपायला सांगतात. लंडनच्या वादांची त्यांना गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते. कारभार करणाऱ्या माणसाला ही गरज अनुभवानेच कळते. मात्र अमात्यांचा सावकार राजाच्या विवेकावर अवलंबून आहे. लंडनच्या सावकाराला तोवर कोर्ट मिळाले होते.

कारण जुन्या सराफांची गोष्ट अजून संपली नव्हती. १६७७ मध्ये चार्ल्सने त्यांना शिक्कामोर्तबानिशी लिहून दिले होते की एका वंशपरंपरागत करातून शेकडा ६ व्याज आपण आणि आपले वारस कायम देत राहू. काही वर्षे ते मिळाले, मग बंद पडले. राजा बदलल्यावर १६९० मध्ये सराफ आणि त्यांचे वारस खजिन्याच्या न्यायालयात गेले. सरकारी वकिलांचा मुद्दा नेमका बोदाँचा होता: राज्याचे उत्पन्न एका राजाला पुढच्यांच्या डोक्यावर असे कायमचे लिहून देता येते का? पहिल्या न्यायालयात सराफ जिंकले. १६९६ मध्ये लॉकचा मित्र लॉर्ड सॉमर्स याने निकाल फिरवला; दाद मागायचा मार्ग चुकला, याचना थेट राजाकडे करायला हवी होती, असे त्याचे म्हणणे. १७०० मध्ये लॉर्ड्स सभेने सॉमर्सला बाजूला सारून सराफांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी संसदेने तोड काढली: व्याज शेकडा ३, आणि अर्धी मुद्दल दिली की सरकार मोकळे. हुकूम निघाल्यापासून २९ वर्षे झाली होती. व्हायनर कधीच वारला होता.

राज्याने दिलेला शब्द राज्याला कितपत बांधतो, हा प्रश्न भारतात, तोही मराठी घराण्यांच्या नावाने, पुन्हा न्यायालयात आला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन करताना संस्थानिकांना तनखे आणि मानमरातब यांची हमी दिली गेली आणि ती राज्यघटनेच्या २९१ आणि ३६२ या कलमांत नोंदली गेली. १९४९ मध्ये सरदार पटेलांनी घटना समितीत ही हमी पाळणे देशाचे कर्तव्य म्हणून मांडले. १९७० मध्ये ती रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे, आवश्यक दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी फरकाने उणे पडून, फेटाळले गेले. लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश रद्द झाला. सरकारने मग पुढच्या वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती करून, संसदेच्या दोन्ही सभागृहांत आवश्यक बहुमत मिळवून, तनखे बंद केले.

समतेच्या देशात जन्मावरून मिळणारे तनखे टिकायला नको होते, यात शंका नाही. पण ती हमी संस्थानांनी सत्ता सोडण्याच्या बदल्यात मिळवली होती, हेही तितकेच खरे. नांतच्या फर्मानासारखीच ही गोष्ट अर्धी कायदा आणि अर्धी करार होती. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडच्या धाकट्या पातीच्या संस्थानिकांनी घटनादुरुस्तीलाच आव्हान दिले. त्यांची याचिका वीसेक वर्षे पडून राहिली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि घटनादुरुस्ती वैध ठरवली. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने जे साधले नव्हते, ते १९७१ मध्ये संसदेच्या मार्गाने गेल्यावर टिकले, आणि ते का टिकले याची कारणे न्यायाधीशांनी सविस्तर लिहून दिली.